पांढरी, परकोट आणि पेठ : वऱ्हाडातल्या गावांची घडण

वऱ्हाडाच्या उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आहेत. या दोहोंमधल्या सखल मुलखातून पूर्णा पश्चिमेकडे वाहते. जुन्या महसुली दप्तरांत या खोऱ्याला पयानघाट म्हणत, दक्षिणेच्या पठाराला बालाघाट आणि उत्तरेच्या डोंगराळ भागाला मेळघाट. आजच्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांची बहुतेक मोठी गावे पयानघाटात आहेत. या मुलखातल्या बांधकामाचा इतिहास समजायचा तर आधी जमीन पाहावी लागते, कारण दगड कडेला आणि माती मधोमध अशी इथली विभागणी आहे. डोंगराच्या पायथ्याशी काळा दगड आणि मेळघाटात साग मुबलक. खोऱ्याच्या पोटात मात्र कित्येक हात खोल काळी माती, तीही पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडणारी. कापसाला ही जमीन मानवते, घराला मानवत नाही. काळीवर उथळ पायाचे घर बांधले तर दोन-चार पावसाळ्यांत भिंतीला तिरप्या भेगा पडतात. पूर्णेच्या दोन्ही काठांवरच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणीही खारट, त्यामुळे भिंतींना लोणा लागून माती झडते ती वेगळीच.

म्हणून गावे वसली ती पांढरीवर. गावठाणाची जमीन ती पांढरी आणि शेताची ती काळी, ही वाटणी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. वऱ्हाडात तिला बांधकामाचे कारणही आहे. एकाच उंचवट्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली, की चुलीची राख, चुना, शेण, पडलेल्या भिंती आणि फुटलेली खापरे यांचा थर साठत जातो. ही माती फिकट आणि भुरभुरीत असते, फारशी फुगत नाही की फाटत नाही. तीच कालवून, भुसा घालून, तुडवून तिच्या भिंती रचायच्या आणि त्या पडल्या की पुन्हा त्याच मातीत मिसळायच्या. वऱ्हाडातले घर असे आधीच्या घरांच्या मातीतून उभे राहत आले. वर सागाच्या तुळया आणि किलचे, त्यावर मातीचे धाबे. उन्हाळ्याच्या रात्री सारे घर धाब्यावर निजायला जाई. ज्वारी साठवण्यासाठी उंचवट्याच्या कोरड्या जागी पेव खणत. बडनेरा ते बाळापूर या टापूत जुनी दगडी घरे विरळ आहेत, याचे कारण गरिबी नव्हे. दगड दूर होता आणि माती चांगली होती.

या मातीच्या बांधकामाचे सर्वांत ठसठशीत रूप म्हणजे गढी. देशमुख, देशपांडे किंवा पाटील यांचा वाडा गावातल्या उंच टेकाडावर असे. भोवती पांढऱ्या मातीची जाड भिंत, कोपऱ्यांवर बुरूज, एकच मोठा दरवाजा आणि त्यात दिंडी, आत विहीर, घोड्यांची पागा, धान्याची बळदे आणि वर माजघर-सोपे असलेली राहती इमारत. गढी हे गावाचे वसुलीचे ठाणे होते आणि संकटातले आसराघरही. पेंढारी आल्याची हाकाटी झाली की बायकापोरे, गुरे आणि दागिने गढीत जात. देशमुखांचा वसुलीतला वाटा जितका खुपे तितकाच त्यांच्या भिंतीचा आधारही वाटे. गावकऱ्यांचे गढीशी नाते असे दुहेरी होते. वतने गेली, दरोडे थांबले आणि भिंतींना दरसाल पावसाळ्यापूर्वी करायची लिंपण परवडेनाशी झाली, तेव्हा गढ्या पावसात विरघळू लागल्या. गावोगावच्या गढीची माती लोकांनी घरासाठी, शेतात खत म्हणून आणि रस्त्याच्या भरावासाठी बंड्या भरभरून नेली.

या पांढऱ्या थरांखाली जुना इतिहास दडला आहे. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. तिथे १९६२ ते १९६४ या काळात मो. गं. दीक्षित यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि महापाषाणयुगापासून सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीचे थर मिळाले. अचलपूरजवळच्या चम्मक या खेड्यात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातल्या या दानपत्रात भोजकट राज्यातले ‘चर्माङ्क’ नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. राजघराणी, राजधान्या आणि लिप्या बदलल्या. गावाचे नाव थोडे झिजून तसेच राहिले. वऱ्हाडात वास्तूपेक्षा नाव दीर्घायुषी ठरते, याचा हा बहुधा सर्वांत जुना पुरावा.

यादवकाळातली देवळे दगडाची आहेत. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीच्या कालंका देवीच्या मंदिरात शके १०९८चा, म्हणजे इ.स. ११७६च्या सुमाराचा शिलालेख आहे. तारकाकृती पायाचे, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून रचलेले हे मंदिर लोकांच्या तोंडी ‘हेमाडपंती’ आहे. हेमाडपंताचा काळ या शिलालेखानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी येतो, पण वऱ्हाडात जुने दगडी देऊळ दिसले की ते हेमाडपंती, हा शिरस्ता आता मोडणार नाही. दर्यापूर तालुक्यातले लासूरचे आनंदेश्वर मंदिर याच परंपरेतले. खोऱ्याच्या ऐन मातीत एवढा दगड वाहून आणला गेला, यावरून त्या मंदिरामागच्या आश्रयदात्यांच्या ऐपतीचा अंदाज येतो.

याच काळात रिद्धपुराने गावाला ओळख मिळण्याची वेगळीच रीत घालून दिली. मोर्शी तालुक्यातले हे गाव चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचे निवासस्थान. चक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांच्या महानुभाव पंथाची मंडळी इथे जमली आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’साठी आठवणी गोळा केल्या. या पंथाने मोठी देवळे उभारली नाहीत. ज्या जागी स्वामी बसले, निजले, जेवले, ती जागा महत्त्वाची. तिथे एक ओटा बांधायचा, एवढेच. ‘स्थानपोथी’ या ग्रंथात अशा जागांची गावनिहाय नोंद आहे. कोणते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते आणि स्वामींचे आसन कुठल्या बाजूला होते, इतक्या बारकाईने ती केली आहे. सहा-सातशे वर्षांपूर्वी मराठीत झालेली ही वारसास्थळांची पाहणीच म्हणायची. तिच्यातली कित्येक देवळे पडून गेली. ओटे आणि पोथ्या राहिल्या. मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला स्थापन झाले त्यामागे इमारतींचा वारसा नाही, ग्रंथांचा आहे.

राजधानीचा मान वऱ्हाडात बराच काळ अचलपूरकडे होता. देवगिरीवरच्या स्वारीत अलाउद्दीन खिलजीचा मुक्काम एलिचपुरास, म्हणजे अचलपुरास, पडला, तेव्हाही हे मोठे ठाणे होते. बहामनी राज्यात वऱ्हाड हा एक सुभा झाला आणि त्याचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क १४९०च्या सुमारास स्वतंत्र झाला. इमादशाही ही दख्खनच्या पाच शाह्यांतली सर्वांत आधी संपलेली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने ती गिळली आणि १५९६ मध्ये चाँदबिबीला वऱ्हाड मुघलांना द्यावे लागले. जेमतेम पाऊणशतकाहून थोडे अधिक टिकलेल्या या राजवटीच्या संस्थापकाने वऱ्हाडातले सर्वांत देखणे बांधकाम मागे ठेवले, आणि ते राजधानीत नसून डोंगरावर आहे.

गाविलगड हा मूळचा गवळ्यांचा गड, अशी परंपरा सांगते. इतिहासकार फिरिश्त्याच्या लेखनानुसार अहमदशहा बहामनीने १४२५ मध्ये तो बांधला. सातपुड्याच्या एका तुटक कड्यावर, चिखलदऱ्याच्या शेजारी तो आहे. त्याच्या दिल्ली दरवाजावर सिंह, हत्ती आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मण घराण्यातला, लढाईत पकडून आणलेला आणि बहामनी दरबारात वाढलेला. गंडभेरुंड हे विजयनगरचेही चिन्ह. मुसलमान सुभेदाराच्या दरवाजावर ते कसे आले, याचा उलगडा या चरित्रात असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. अकोट तालुक्यातल्या नरनाळ्याचा महाकाली दरवाजा त्याहून नाजूक आहे. १४८७ साली, फतहुल्ला अजून बहामनींचा सुभेदार असताना तो उभा राहिला. फिकट वालुकाश्मात कोरलेली कमळे, बाजूंना पुढे आलेले सज्जे आणि कमानीवरचा अरबी लेख पाहिला, की हा दरवाजा शत्रूला अडवण्यासाठी होता की पाहुण्यांना थक्क करण्यासाठी, असा प्रश्न पडतो. वऱ्हाडाने त्यानंतर असा दरवाजा पुन्हा बांधला नाही.

हे दोन गड डोंगरावर का, याचे उत्तर वाटांत आहे. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत उतरणारी फौज सातपुड्याच्या खिंडींतूनच येणार. खिंडीवर नजर ठेवायला गड आणि खाली वसुली गोळा करायला अचलपूर, अशी ही जोडी होती. खाली सापन आणि बिच्छन नद्यांच्या काठी अचलपूरचे शहर वाढले. शाह दुल्हा रहमान यांचा दर्गा, तलावाच्या मधोमध उभा असलेला हौज कटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा आणि अठराव्या शतकात नवाबांनी घातलेला तट व दरवाजे या त्याच्या मुख्य खुणा. इंग्रजांनी शेजारी परतवाड्याला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी बसवली आणि रहदारी तिकडे वळली. नवे गाव जुन्याला खेटून वाढावे आणि त्याचा बाजार ओढून न्यावा, हा प्रकार वऱ्हाडात पुढे अनेक ठिकाणी घडला.

मुघल आणि निजामी काळात लष्कराचे ठाणे खाली उतरले. बाळापूरजवळच्या शहापुरात अकबराचा मुलगा मुराद याने तळ दिला होता. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केला आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पुरा केला, असे सांगितले जाते. खोऱ्यात दगड नाही, म्हणून किल्ला विटांचा. भाजलेल्या विटांच्या एवढ्या उंच आणि ताठ भिंती वऱ्हाडात दुसरीकडे नाहीत, आणि पूर आला की तिन्ही बाजूंनी पाणी हाच त्याचा खंदक. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगाच्या नावाची छत्री आहे. पुरंदरच्या तहामुळे मराठी मुलांना शाळेतच ओळखीचा झालेला हा रजपूत सरदार. अकोल्याचा असदगड त्याच काळातला. वजीर असदखानाच्या जहागिरीतले हे गाव आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने घातलेला हा तट. इथे नक्षी जवळजवळ नाही. काम होते संरक्षणाचे. किल्ल्याच्या अगरवेशीवरच्या मराठी लेखात गोविंद आप्पाजीने १८४३ मध्ये किल्ला बांधल्याचे म्हटले आहे, जे इतर लेखांशी जुळत नाही. त्याने पडझड दुरुस्त केली असावी आणि श्रेय मात्र साऱ्या किल्ल्याचे घेतले असावे. असे शिलालेख सगळीकडे असतात.

१७२४ नंतर वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले दोघांचेही अंमलदार वसुली करू लागले. या दुअमलीत रयतेला दोन मालक आणि संरक्षक एकही नाही, अशी स्थिती झाली. १८०३ मध्ये इंग्रज आणि मराठ्यांचे युद्ध वऱ्हाडातच निकाली लागले : २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीने गाविलगड घेतला, १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह. एका महिन्यात मोठ्या सरदारांच्या फौजा मोडल्या. त्यांतले बेकार स्वार आणि त्यांच्या मागे फिरणारे पेंढारी मोकाट सुटले आणि वऱ्हाडातल्या व्यापाऱ्यांवर त्यांची धाड पडू लागली.

अमरावतीचा परकोट या भीतीतून उभा राहिला. अमरावती तेव्हा राजधानी नव्हती की लष्करी ठाणे नव्हती. होती ती कापसाची, किराण्याची आणि सावकारीची पेठ. गावाची ओळख अंबादेवीच्या देवळाशी जोडलेली. रुक्मिणी याच देवळात दर्शनाला आली असता श्रीकृष्णाने तिचे हरण केले, असे परंपरा मानते. शेजारी एकवीरादेवीचे देऊळ आहे. उंबरांच्या झाडांवरून उमरावती आणि तिची पुढे अमरावती झाली, असेही सांगितले जाते. १८०७ मध्ये निजामाच्या सरकारने गावाभोवती दगडी कोट घालायला घेतला. कारण साधे होते : लुटारूंनी सावकार लुटले तर सरकारचा वसूल बुडणार. कोटाची उंची २० ते २६ फूट आणि घेर सव्वादोन मैलांचा. त्याला पाच मोठे दरवाजे ठेवले : अंबागेट, जवाहरगेट, नागपुरीगेट, महाजनपुरागेट आणि खोलापुरीगेट. शिवाय पटेल, छत्रपुरी, भुसारी आणि खुनारी या चार खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. खुनारी खिडकीचे नाव तिथे झालेल्या दंगलीत सातशे माणसे मारली गेल्यावरून पडले, अशी आख्यायिका आहे.

या कोटाची विशेष गोष्ट अशी, की तो राजासाठी नव्हता. आत राजवाडा नाही, दरबार नाही, शस्त्रागार नाही. आत होत्या पेढ्या, वखारी, वाडे, देवळे आणि मशिदी. किल्ला म्हटला की जी कल्पना मनात येते तिच्या हा नेमका उलट होता. बाजाराला तटबंदी करून त्याचे शहर झाले. सक्करसाथ, बुधवारा, भाजीबाजार, मसानगंज ही नावे अजून वापरात आहेत आणि ती बहुतेक व्यापाराची आहेत. वाड्यांची बांधणीही तशीच : रस्त्याकडे बैठकीची ओसरी, जिथे गादी-तक्क्यावर वही उघडून व्यवहार व्हायचे, मागे चौक, त्याच्या भोवती सागाच्या कोरीव खांबांचे सोपे, सर्वांत मागे कोठार. घराच्या पुढच्या भागात पैसा यायचा आणि मागच्या भागात माल राहायचा. मारवाडी, गुजराती, पारशी, बोहरी आणि मराठी सावकार एकाच गल्लीत राहत.

कापूस मुंबईला नेण्याची सुरुवात रेल्वेच्या कितीतरी आधी झाली. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ च्या सुमारास बैलांच्या पाठीवरून वऱ्हाडी कापूस घाट उतरवून मुंबईस धाडला. तांड्यांना पावसाळ्यापूर्वी पोचावे लागे; वाटेत धूळ आणि पाऊस लागला की कापसाची किंमत पडे. १८५३ मध्ये कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, ही विचित्र व्यवस्था नाव बदलत राहिली. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये देऊन प्रांत कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. वऱ्हाडी माणसाच्या स्वभावातले अलिप्तपण या सततच्या दुहेरी राज्यातून आले, असा तर्क काही जण करतात. तो सिद्ध करता येणार नाही, पण नाकारताही येत नाही.

अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडाच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण या दिवसांत खरी वाटू लागली. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत निघाली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मुख्य मार्ग अमरावतीला न येता बडनेऱ्यावरून गेला. अमरावतीला पुढे फाटा जोडावा लागला. तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेल्या खामगावच्या फाट्याचे आणि कापूस बाजाराचे उद्घाटन १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने केले. कारंज्याला १८८६ मध्ये कापसाची नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हिंदुस्थानातल्या बाजार समित्यांच्या कायद्यांचा उगम इथे आहे. मापारी, अडत्या आणि दलाल यांचे हक्क आणि दर प्रथमच कागदावर आले.

या बाजाराने नवी वास्तुरचना आणली. मोकळे कॉटन मार्केट, त्यात बंड्यांच्या रांगा लावायला जागा. जवळच जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, पत्र्याचे उतरते छप्पर, विटांची उंच चिमणी आणि आवारभर रुईचे ढीग. जिनात सरकी निघायची, प्रेसमध्ये गठाण बांधली जायची आणि स्टेशनावर जायची. हंगामात जिनाच्या भोंग्यावर गावाचे घड्याळ चाले. अकोल्यात हा बदल नदीच्या दोन काठांवर स्पष्ट दिसतो. मोर्णेच्या पश्चिमेला असदगड आणि त्याभोवतीचे जुने शहर. पूर्वेला ताजनापेठ, कचेऱ्या, साहेबांचे बंगले, स्टेशन आणि कारखाने. पूल ओलांडला की शतक बदले. १९१० च्या दशकात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे अरुंद मापाची रेल्वे गेली. ‘शकुंतला’ या नावाने प्रसिद्ध झालेली ही गाडी एका इंग्रजी कंपनीच्या मालकीची होती आणि स्वातंत्र्यानंतर देशातले रेल्वेमार्ग सरकारजमा झाले तरी ही मालकी टिकून राहिली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले. गाडी आता बंद आहे, रूळ गवतात आहेत. मार्ग ब्रॉडगेज करावा ही मागणी मात्र बंद पडलेली नाही.

कापसाच्या पैशातून अमरावतीची राजकीय ओळख उभी राहिली. आयुक्तालय इथे आल्याने वकील आले, वकिलांमुळे सभा आल्या. १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. राजकमल चौकाजवळचा खापर्ड्यांचा वाडा टिळकांच्या काळातल्या राजकारणाचे वऱ्हाडातले ठिकाण होते. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्यांचे पथक १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. १९२३ मध्ये सुरू झालेले किंग एडवर्ड कॉलेज पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. या संस्थांच्या दगडी इमारती परकोटाबाहेर आहेत. शहराने कोट सोडून बाहेर पाऊल टाकले ते बाजारासाठी नव्हे, शिक्षणासाठी आणि कचेरीसाठी.

अंबादेवीच्या देवळाने या काळात एक वेगळी परीक्षा पाहिली. शहराची ओळख असलेल्या देवीचे दर्शन अस्पृश्यांना बंद होते. १९२७ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंदिर प्रवेशाचा प्रश्न हाती घेतला. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन नाट्यगृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमधला. देऊळ कोणाचे, हा प्रश्न वऱ्हाडात या परिषदेने उघडपणे विचारला. वारशाचा विचार करताना हा भाग अनेकदा गाळला जातो आणि तो गाळणे बरोबर नाही, कारण एखादी वास्तू गावाची म्हणायची असेल तर गावातले कोणकोण तिच्या आत जाऊ शकते, हे आधी पाहावे लागते.

परंपरा वऱ्हाडात इमारतींपेक्षा जत्रांत अधिक टिकली. अकोल्याच्या राजराजेश्वराला श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेतले पाणी कावडीने आणतात. रात्रभर चालत आलेल्या कावडी आणि पालख्या सकाळी जुन्या शहरात शिरतात. अवर्षणात देवाला पाणी घालण्यासाठी १९४० च्या दशकात ही प्रथा सुरू झाली असे सांगतात, म्हणजे ती पुराणकाळातली नाही. तरी आज अकोल्याची ओळख म्हणून तीच पुढे येते. चांदूरबाजार तालुक्यातली बहिरमची जत्रा डिसेंबरच्या अखेरीपासून महिनाभर चालते. राहुट्या ठोकायच्या, मातीच्या हंडीत शिजवायचे, गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे आणि वांग्याची भाजी करायची. बळी देण्याची प्रथा थांबावी म्हणून गाडगेबाबांनी तिथे प्रबोधन केले. कौंडिण्यपूरहून आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते आणि १५९४ पासूनची म्हणून तिचा मान सांगितला जातो. या तिन्ही ठिकाणी बांधलेले फारसे काही नाही; जागा, वाट आणि ठरलेला दिवस एवढ्यावर सगळे उभे आहे.

गाडगेबाबांनी भिंतीच बांधल्या, पण धर्मशाळांच्या. शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने देऊळ उभारले नाही. त्यांची समाधी अमरावतीत आहे. यावलीचे तुकडोजी महाराज यांनी मोझरीला गुरुकुंज उभारले आणि ‘ग्रामगीते’त गावाची स्वच्छता, घरे, रस्ते यांचा विचार केला. आधुनिक वऱ्हाडाने आपली ओळख या दोघांच्या नावाने सांगितली. गाविलगड किंवा इमादशाहीच्या नावाने नाही.

आजची स्थिती संमिश्र आहे. गाविलगड, नरनाळा आणि बाळापूरचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. पहिले दोन जंगलात असल्याने पर्यटन आणि निसर्ग दोन्हींच्या नियमांत अडकले आहेत. अमरावतीचा परकोट घरांच्या आणि दुकानांच्या मागे लपला आहे, पण रिक्षावाला ‘अंबागेट’ किंवा ‘खोलापुरीगेट’ म्हटले की बरोबर सोडतो. जिल्हा रुग्णालयाजवळच्या चौकात बाबासाहेबांचा पुतळा उभा असूनही रुग्णालयाच्या जुन्या ‘इर्विन’ नावामुळे लोक त्याला इर्विन चौकच म्हणतात. जिनांच्या जागी मंगल कार्यालये आणि सदनिका आल्या आहेत.

सर्वांत वाईट अवस्था गढ्यांची आहे. त्या दगडाच्या नाहीत म्हणून पुरातत्त्वाच्या नजरेत भरत नाहीत, आणि देशमुखांच्या म्हणून गावाला आपल्या वाटत नाहीत. मातीची भिंत एकदा पाऊस आत घेऊ लागली की वाचवायला अवधी फार थोडा असतो. दरवर्षीची लिंपण आणि वरचे पत्र्याचे छत, इतक्या साध्या उपायांनी ती टिकते. ज्या गावात गढी अजून उभी आहे तिथल्या ग्रामपंचायतीने निदान तिचा नकाशा काढून घ्यावा, मोजमापे लिहून ठेवावीत आणि तिची माती नेण्यास बंदी करावी. गाविलगडावर खर्च होणाऱ्या पैशाच्या तुलनेत हे काम फुकटात पडेल.